लष्करी ट्रकांच्या लघुप्रतिकृती

सैन्यात वापरल्या जाणाऱ्या मालमोटारीचे ठराविक प्रमाणात लहान केलेले, तिचे बाह्य रूप आणि शक्य तितकी अंतर्गत रचना दाखविणारे स्थिर प्रतिरूप. अशा प्रतिकृती सामान्यतः पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकच्या साच्यातून काढलेल्या भागांच्या तयार संचापासून जुळवितात. ज्या वाहनाचा संच मिळत नाही किंवा ज्याच्या संचातील भाग ढोबळ असतात, त्याचे भाग कोरा पत्रा, तार, नळी, कागद, लाकूड इ. साहित्यातून हाताने घडवावे लागतात. हौशी कारागीर या पद्धतीस ‘स्क्रॅचबिल्ड’ असेच म्हणतात. येथे तिच्यासाठी ‘स्वघडण’ हा शब्द वापरला आहे. भारतीय सेनेच्या बहुतेक ट्रकांच्या बाबतीत स्वघडण हाच मुख्य मार्ग आहे आणि त्यामुळेच येथील प्रतिकृतीला खेळण्यापेक्षा निराळे, नोंदवजा मोलही असते.

पूर्वपीठिका : दुसऱ्या महायुद्धात शत्रूची व मित्रांची विमाने ओळखण्याचे शिक्षण देण्यासाठी लाकडी प्रतिकृतींचा मोठा वापर झाला. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी विद्यार्थ्यांकडे अशा पाच लक्ष प्रतिकृतींची मागणी नोंदविली होती. त्यांचे प्रमाण १:७२, म्हणजे सहा फुटांना एक इंच, असे होते व पुढे छंदाच्या क्षेत्रातही ते रूढ झाले. ब्रिटनमधील एअरफिक्स या कंपनीने रणगाडे व लष्करी वाहने १:७६ या प्रमाणात काढली. एका फुटाला चार मिमी. हे लहान रेल्वेच्या प्रतिकृतींचे माप त्यामागे होते. १:३५ या आज सर्वांत लोकप्रिय असलेल्या प्रमाणाचा उगम मात्र अगदी व्यावहारिक आहे. जपानच्या शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकारंभी चालणाऱ्या मोटरीचा पँथर रणगाडा काढला. त्यात बॅटऱ्या मावाव्यात एवढा आकार ठरविला आणि नंतर मोजले असता प्रमाण सुमारे १:३५ आले. पुढे साऱ्या जगाने तेच उचलले.

संच कोणत्या वाहनाचे निघावेत हे बाजारपेठ ठरविते. अमेरिकेचा अडीच टनी जीएमसी ट्रक साडेपाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला व १९४४ मध्ये फ्रान्समधील आघाडीस रसद पुरविण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्याचे संच अनेक कंपन्यांनी काढले. जर्मनीच्या ओपेल ब्लिट्झचेही तसेच. कॅनडात चार लाखांच्या आसपास तयार झालेले फोर्ड व शेव्हरोले बनावटीचे लष्करी ट्रक सुट्या भागांच्या रूपात मुंबईस येत व तेथे जुळविले जात. ब्रह्मदेश व उत्तर आफ्रिकेच्या आघाड्यांवरील भारतीय पलटणींना हे ट्रक चांगलेच परिचयाचे होते. त्यांचे संच मिळतात. स्वातंत्र्योत्तर काळातील भारतीय ट्रकांकडे मात्र मोठ्या उत्पादकांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

भारतीय ट्रक : या ट्रकांमध्ये ‘शक्तिमान’चे स्थान पहिले होय. जर्मनीच्या मान कंपनीच्या ४१५ या नमुन्यावरून, तिच्या सहकार्याने, जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात १९५९ मध्ये याचे उत्पादन सुरू झाले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या तेथीलच वाहन कारखान्यात ते पुढे चालले आणि १९९६ च्या सुमारास थांबले. चारही चाकांना गती मिळणारा, पुढे आलेल्या बॉनेटचा हा ट्रक १९६५ व १९७१ च्या युद्धांत सैन्याचा मुख्य भारवाहक होता. निसान कंपनीचा एक टनी ट्रक आणि ‘जोंगा’ ही लहान गाडीही जबलपूरलाच तयार होत. शक्तिमानची जागा टाटांच्या एलपीटीए मालिकेने आणि अशोक लेलँडच्या ‘स्टॅलियन’ने घेतली. अवजड कामासाठी चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीचा आठ चाकी व आठही चाकांना गती मिळणारा ट्रक १९८० च्या दशकापासून भारतात जुळविला जाऊ लागला.

टाट्रा ट्रकाचा पुण्याशी निकटचा संबंध आहे. पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने विकसित केलेली ‘पिनाक’ ही बारा अग्निबाणांची प्रक्षेपण यंत्रणा याच ट्रकावर बसविली गेली. दिघी येथील अभियांत्रिकी संशोधन व विकास संस्थेने तयार केलेला ‘सर्वत्र’ हा फिरता पूलही याच वाहनावरून नेतात. प्रत्येकी पंधरा मी.चे पाच गाळे जोडून तो पंच्याहत्तर मी. अंतर ओलांडतो. कात्रीसारखा उलगडणारा हा पूल प्रतिकृतीत आणणे हे कसबी कारागिराच्याही कसोटीचे काम आहे, कारण तेथे नुसते रूप पुरत नाही. बिजागऱ्यांची केंद्रे चुकली, तर गाळे मिटत नाहीत.

पिंपरी-चिंचवडची पार्श्वभूमी : दिघीपासून फार दूर नसलेला संत तुकाराम नगर हा पिंपरीतील नोकरदार व कामगार कुटुंबांच्या वस्तीचा भाग. त्याच्या एका अंगास भोसरीची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगास वल्लभनगरचे एसटी स्थानक आणि दक्षिणेस थोड्या अंतरावर दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १९६६ मध्ये टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) कंपनीने पिंपरी येथे कारखाना उभारण्यास प्रारंभ केला. कंपनीचे शिल्पकार मानले जाणारे सुमंत मूळगावकर (१९०६–८९) यांचा आग्रह असा की, ट्रक करण्याआधी ट्रक करणारी यंत्रे, साचे व माणसे येथेच तयार व्हावीत. त्यामुळे या परिसरात टूलरूममध्ये काम करणारे फिटर, टर्नर, साचे करणारे व पॅटर्नमेकर यांची एक पिढीच उभी राहिली. भोसरीच्या लहान कारखान्यांतून लेथकाम, तारेने धातू कापणे, लेसरने पत्रा कापणे ही कामे चालतात.

प्रतिकृतीच्या स्वघडणीस लागणारे कौशल्य याहून वेगळे नाही. पत्र्यावर रेघ मारणे, व्हर्निअरवर माप वाचणे, कानस समपातळीत चालविणे, काटकोन गुण्याने तपासणे हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील पहिल्या वर्षाचे धडेच येथे दशमांश मिमी.च्या पातळीवर गिरवावे लागतात. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडण्याची महाराष्ट्रातील मुलांची रीत ही देखाव्यासह प्रतिकृती मांडण्याचीच घरगुती शाळा म्हणता येईल. मात्र किल्ल्यावरचा मावळा बुरुजाएवढा उंच असला, तरी कोणी हरकत घेत नाही. लघुप्रतिकृतीत प्रमाण हाच कायदा असतो. पुण्यातील कोथरूड भागात १९९८ मध्ये खुले झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय हे प्रमाणबद्ध प्रतिकृतीच्या क्षेत्रातील मराठी माणसाच्या चिकाटीचे सर्वपरिचित उदाहरण होय.

मापे मिळविणे : स्वघडणीतील अर्ध्याहून अधिक श्रम हत्यार हाती घेण्यापूर्वीच होतात. लष्करी ट्रकांचे कारखान्यातील आराखडे सर्वसामान्यांना उपलब्ध नसतात. छावणीत किंवा संरक्षण आस्थापनेच्या आवारात उभ्या असलेल्या वाहनाचे छायाचित्र घेणे वा मोजमाप करणे १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली अडचणीत आणू शकते. हौसेची सबब तेथे चालत नाही. म्हणून संचलने, लोकांसाठी भरविलेली सैन्याची प्रदर्शने, संग्रहालये आणि प्रवेशद्वारांशेजारी कायमची उभी केलेली निवृत्त वाहने एवढ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. १५ जानेवारी २०२५ रोजी सेना दिनाचे संचलन पुण्यात, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रात झाले. असे प्रसंग शहरात वारंवार येत नाहीत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ मध्ये स्थापन झालेले रणगाडा संग्रहालय अभ्यासकांस उपयुक्त आहे, परंतु नावाप्रमाणेच तेथे मान आहे तो रणगाड्यांचा व चिलखती गाड्यांचा. दारूगोळा, पाणी, शिधा आणि जखमी वाहून नेणारा ट्रक सेवेतून उतरला की लिलावात जातो आणि बहुधा भंगारात संपतो. शक्तिमान हजारोंच्या संख्येने तयार झाला होता, तरी मूळ स्थितीतील गाडी आज शोधावी लागते.

लिलावानंतर खाजगी मालकाकडे गेलेले ट्रक हा मापांचा आणखी एक आधार असतो. पण त्यांचा हौदा, दिवे व कधी कधी इंजिनही बदललेले आढळते. भंगारातील सुटे आस, कमानपाटे व चाके मोजून पुष्कळ काही कळते. पिंपरी-चिंचवडमधील कुदळवाडी-चिखली भागातील भंगारमालाची गुदामे फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेच्या कारवाईत मोठ्या प्रमाणावर हटविण्यात आली. अशा जागा हलल्या की त्यांतील वस्तूंचा मागही तुटतो.

छायाचित्रावरून माप काढताना एखादे ज्ञात अंतर धरावे लागते. त्यासाठी पुढील व मागील आसांमधील अंतर सर्वांत सोयीचे, कारण ते बहुधा प्रसिद्ध माहितीत दिलेले असते. चित्र काटकोनातून घेतलेले नसेल, तर जवळची बाजू मोठी व दूरची लहान दिसते आणि हिशेब चुकतो. कॅमेरा दूर ठेवून, लांब नाभ्यंतराच्या भिंगाने व चाकाच्या मध्याच्या उंचीवरून घेतलेले चित्र त्यातल्या त्यात विश्वसनीय असते. चाकावर छापलेला टायरचा आकार हा आणखी एक हुकमी दुवा होय, कारण त्यावरून व्यास सारणीत पाहता येतो. जाणकार कारागीर आपल्या कागदावर प्रत्येक मापापुढे ते प्रत्यक्ष घेतलेले, छायाचित्रावरून काढलेले की अंदाजाने धरलेले हे लिहून ठेवतात. ही सवय क्षुल्लक वाटेल. पण एकाची प्रतिकृती पाहूनच दुसरा आपली करतो, आणि नोंद नसली की अंदाज दोन पिढ्यांत प्रमाण ठरतो.

प्रमाणाचा हिशेब : १:३५ प्रमाणात सात मी. लांबीचा ट्रक २०० मिमी. आणि १,०५० मिमी. व्यासाचे चाक ३० मिमी. होते. २१० मिमी. उंच, ७० मिमी. रुंद व सात मिमी. जाड पन्हळीच्या चासीचे माप अनुक्रमे सहा, दोन व ०·२ मिमी. येते. दहा मिमी. बोल्टाचे नट सपाटीपासून सपाटीपर्यंत सतरा मिमी. असते, ते प्रतिकृतीत अर्धा मिमी. उरते. येथवर हिशेब सरळ आहे. खरी अडचण पत्र्याची. केबिनचा एक मिमी. जाड पत्रा प्रमाणात ०·०३ मिमी., म्हणजे केसाहूनही पातळ व्हावा लागेल. असा भाग हाताळताच चुरगळेल. म्हणून भाग जाड ठेवून फक्त दिसणारी कड आतून तासून पातळ करतात. मडगार्ड, दाराची कड आणि फाळक्याची वरची धार येथे पाहणाऱ्याची नजर प्रथम जाते. कड जाड राहिली, तर बाकी सारे अचूक असूनही प्रतिकृती खेळण्यासारखी दिसते.

साहित्य व कृती : पॉलिस्टायरीनचा पांढरा पत्रा हे मुख्य साहित्य. तो ०·२५, ०·५ व एक मिमी. जाडीत मिळतो. पात्याने अर्धवट खोल रेघ मारून तो वाकविला की रेघेवर सरळ तुटतो. आरपार कापण्याचा आग्रह धरल्यास कड उचलली जाते. जोडण्यासाठी प्लॅस्टिक विरघळविणारा द्रव कुंचल्याने सांध्यावर सोडतात. तो केशाकर्षणाने आत ओढला जाऊन दोन्ही पृष्ठभाग वितळतात व एकजीव होतात. या द्रावकांची वाफ आरोग्यास अपायकारक असल्याने काम उघड्या खिडकीजवळ करणे आवश्यक असते.

परदेशी पत्रा महाग पडत असल्याने घरगुती पर्याय नेहमीच वापरात राहिले आहेत. लग्नपत्रिकेचा जाड, गुळगुळीत कागद पातळ सायनोॲक्रिलेट गोंदाने भिजविला की कडक होतो व तासता येतो. त्यातून आसनांच्या पाठी व लहान पेट्या उत्तम होतात. अठरा क्रमांकाच्या इंजेक्शनच्या सुईचा बाह्य व्यास १·२७ मिमी. असतो, म्हणजे १:३५ प्रमाणात सुमारे ४४ मिमी.ची नळी. अर्थात सुई न वापरलेली व टोक कापलेलीच हवी. सहा मिमी. जाडीची धातूची रिफिल ब्रेकच्या हवाटाकीसाठी जवळजवळ योग्य मापाची ठरते. प्लॅस्टिकची रिफिल मात्र फसवी, कारण तिचे प्लॅस्टिक वेगळ्या जातीचे असून ते द्रावकाला दाद देत नाही आणि रंगही धरत नाही. विजेच्या लवचिक तारेतील तांब्याचे धागे ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्यांसाठी वापरतात. संचातील भाग ज्या काड्यांना जोडलेले असतात, ती काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर मऊ करून ओढली की केसाएवढा धागा निघतो. तो द्रावकाने किंचित मऊ करून टोचत गेल्यास झाळकामाची शिवण हुबेहूब दिसते.

कमानपाटे हा ट्रकाच्या प्रतिकृतीतील सर्वांत समाधान देणारा भाग आहे. खऱ्या पाट्याची जाडी नऊ मिमी.च्या आसपास असते व ०·२५ मिमी.चा पत्रा तिच्याशी तंतोतंत जुळतो. उतरत्या लांबीच्या पट्ट्या काढून त्या एका गोल वस्तूवर वाकवितात व मध्यावर बांधून द्रावकाने जोडतात. संचातील एकसंध ओतलेल्या पाट्यात पट्ट्यांमधील फटी नुसत्या रेघा असतात; घडविलेल्या पाट्यात त्या खऱ्या असतात व रंगाची काजळी त्यांत आपोआप उतरते.

पुढील आसाचे काम याउलट किचकट. चारही चाकांना गती देणाऱ्या ट्रकात पुढेही डिफरन्शियल असते व त्याचा गोळा बहुधा मध्यावर नसून एका बाजूस असतो, कारण इंजिनाचा तळ वाचवून प्रॉपेलर शाफ्ट तेथवर न्यावा लागतो. परदेशी संच बदलून भारतीय ट्रक करताना आणखी एक सापळा असतो. जर्मन ट्रकाचे चालकचक्र डावीकडे, भारतीयाचे उजवीकडे. चक्र नुसते उचलून दुसऱ्या बाजूस बसविले की काम संपत नाही. पायकळा, दर्शकांची पाटी, स्टिअरिंगची पेटी, तिच्यापासून चाकापर्यंतचे दांडे यांपैकी जे जे त्या बाजूशी बांधलेले आहे, ते सारे शोधून हलवावे लागते. काही भाग मात्र जागचे हलत नाहीत, म्हणून केवळ आरशातील प्रतिमाही चालत नाही.

टायर एकच घडवून त्याचे साच्यातून ओतीव तुकडे काढतात. पत्र्याच्या गोल चकत्या एकमेकींवर चिकटवून तीस मिमी.चे चाक लेथवर किंवा हातड्रिलमध्ये धरून कातले, की परिघ ९४ मिमी. भरतो. त्यावर दहा-दहा अंशांनी छत्तीस नक्षीखुंट्या बसवावयाच्या तर त्यांतील अंतर सुमारे २·६ मिमी. येते. शेवटची खुंटी पहिलीस नीट भेटली नाही, तर सारे पुन्हा करावे लागते. त्याचा सिलिकोन रबरात साचा घेऊन पॉलियुरेथेन राळ ओततात. राळ आकसत असल्याने मूळ नमुना अंशभर मोठा ठेवण्याची खबरदारी घ्यावी लागते.

ताडपत्रीसाठी पातळ टिश्यू कागद पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदात भिजवून तारेच्या कमानींवर पसरतात. वाळताना तो कमानींमध्ये किंचित खचतो व जुन्या ताडपत्रीची झोळ आपोआप येते. हौद्याच्या फळ्यांसाठी खरे लाकूड वापरण्याचा मोह टाळावा. आइसक्रीमच्या काडीचे तंतू या प्रमाणात वासाएवढे दिसतात. पत्र्यावर दाभणाने ओढलेल्या रेघा अधिक खऱ्या वाटतात.

रंग व खुणा : ऑलिव्ह हिरवा रंग डब्यातून जसाच्या तसा दिला, तर प्रतिकृती फार गडद दिसते, कारण लहान वस्तूवर प्रकाश कमी परावर्तित झाल्यासारखा भासतो. त्यात थोडा पांढरट पिवळा मिसळतात. भारतीय लष्करी वाहनाच्या क्रमांकात आरंभी वर टोक असलेला बाण, मग वर्षाचे दोन अंक, त्यानंतर अक्षर व अनुक्रम असतो. त्यामुळे क्रमांक मनाने घालणे धोक्याचे. १९७१ च्या देखाव्यातील ट्रकावर नंतरचे वर्ष दिसले, की जाणकाराच्या लेखी सारी मेहनत वाया जाते. बंपरवरील विभागाच्या खुणांबाबतही हीच दक्षता लागते.

नवी साधने : २०१० नंतर त्रिमितीय मुद्रणयंत्रे घरगुती किमतीत आली. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेचे ०·०५ मिमी.चे थर रचून ती टायर, इंजिन, दिव्यांच्या जाळ्या इ. भाग काढतात. असे भाग स्वघडणीत मोडतात काय, याविषयी छंदिकांत एकमत नाही. आराखडा स्वतः मापे घेऊन संगणकावर रचला असेल, तर तो नाकारण्याचे सबळ कारण दिसत नाही. दुसऱ्याचा विकत घेतलेला आराखडा मुद्रित करणे हे संच जुळविण्याहून फारसे वेगळे नाही. यंत्राला पातळ, लांब व सरळ भाग मात्र अजून नीट जमत नाहीत. ते वाकतात. चासीच्या पन्हळी, हौद्याच्या पट्ट्या व कमानी यांसाठी पत्रा, पाते व गुण्या यांचाच अवलंब होतो, आणि बहुतेक चांगल्या प्रतिकृतींत दोन्ही पद्धती एकाच चासीवर आढळतात.

पुण्याच्या पावसाळी हवेत सायनोॲक्रिलेटच्या सांध्यांभोवती पांढरी भुकटी बसते व कागदी भाग ओल धरतात. म्हणून कागदाचे सर्व भाग रंगापूर्वी दोन्ही बाजूंनी लाखेच्या वा ॲक्रिलिक रोगणाने बंद करतात. प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवून तिच्या तळाखाली मापांचा मूळ कागद घडी करून ठेवण्याची पद्धत काही कारागीर पाळतात.